उधारीच्या वहीतलं सोलापूर : जॉबर, साचेवाले, बदली, आसामी (१९४८ ते १९५०)

बाळीवेस

नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तो जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आजोळचं घर रिकामं केलं. माळ्यावर आजोबांच्या किराणा दुकानाच्या वह्या सापडल्या. बहुतेक वाळवीने खाल्लेल्या, पण एक उधारीची वही जवळजवळ धड आहे. लाल कापडी पुठ्ठा, लांबट, दोऱ्याने शिवलेली. पहिल्या पानावर हळदकुंकवाचा डाग आणि 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न'. १९४८ च्या दिवाळी पाडव्याला सुरू झालीय, शेवटच्या नोंदी १९५० च्या दिवाळीआधीच्या. अर्धी वही मोडीत, अर्धी कन्नडात. आमचं घर लिंगायत, त्यामुळे घरात कन्नड, दुकानात मराठी आणि पूर्व भागातल्या गिऱ्हाइकांशी कामापुरतं तेलुगू. मोडी मला येते, कन्नड पानं आईने वाचून दिली.

दुकान एका मिलच्या फाटकाजवळ होतं. (मुंबईकरांसाठी: सोलापुरात गिरणी म्हणजे पिठाची. कापडाची ती मिल.)

आजोबांनी गिऱ्हाइकांची आडनावं जवळपास कुठेच लिहिलेली नाहीत. आधी धंदा, मग नाव. साचेवाला अमुक, रिंगवाला तमुक. जॉबर, हेडजॉबर, बदली, कांजीवाला, हपीसवाले, हमाल, आसामी, गुरुजी, वहिफणीवाला. आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक आकडा. आई म्हणते, एवढ्यापर्यंतच उधार द्यायचं, त्यापुढे हात आखडायचा, अशी ती आजोबांची खूण होती. जॉबरच्या पानावर ४०. साचेवाल्यांच्या पानांवर २० किंवा २५. रिंगवाल्यांना १२. बदलीला ५, काही पानांवर ३. आसामीच्या पानांवर आकडाच नाही, तिथे कन्नडात 'कारखानदाराला विचारून' असं लिहिलंय.

सगळे एकाच भोंग्याला उठणारे, एकाच गल्लीत राहणारे. लहानपणापासून मी या सगळ्यांना एकच शब्द ऐकलाय, 'मिलकामगार'. आजोबांना मात्र त्यात इतक्या पायऱ्या दिसत होत्या की त्यांनी त्यांचे रुपये-आणे करून ठेवले. या पायऱ्या नेमक्या कशाच्या, हे कुणी सांगेल का? लोकांची नावं मी इथे लिहिणार नाही, त्यांची नातवंडं गावातच आहेत.

तिसरी_पाळी

ताई, वही जपून ठेवा. माझे वडील साचेवाले, मी रिंग खात्यात साइडर होतो. जमेल तेवढं सांगतो.

कापूस आत येतो तो ब्लो रूममध्ये, साफ व्हायला. तिथून कार्डिंग, मग रिंग खातं म्हणजे सूतकताई, मग वाइंडिंग-वार्पिंग म्हणजे सूत गुंडाळून ताणा लावणं, मग कांजी म्हणजे ताण्याला खळ, मग साचे खातं म्हणजे विणाई (साचा म्हणजे यंत्रमाग). जसजसं कापसाचं कापड होत जातं तसतसा पगार वाढत जातो, आणि मानही. ब्लो रूम-कार्डिंगला सगळ्यात जास्त कस्तर, म्हणजे कापसाची धूळ. तिथली माणसं सुट्टी होऊन कामावर आली की पहिल्या दिवशी छाती भरायची, त्याला सोमवारचा ताप म्हणत. पगार मात्र तिथे कमी.

साचेवाल्याला कापडाच्या मापावर पैसे. दोन साचे एकाच्या ताब्यात. हात चांगला असला आणि सूत चांगलं मिळालं तर महिन्याला रिंगवाल्यापेक्षा बरीच जास्त कमाई. म्हणून तुमच्या आजोबांचे २० आणि १२. रिंगवाल्याला रोजावर बांधलेला पगार, कितीही धावला तरी तेवढाच. आमचं काम म्हणजे साइडला फेऱ्या मारत तुटलेला धागा सांधायचा. बोटाला पीळ द्यायची सवय इतकी लागते की मी अजून बोलताना अंगठा नि तर्जनी चोळत असतो.

साचे खात्यात आवाज इतका की माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. वडील घरीही हातवारे करून पाणी मागायचे. चाळिशीनंतर त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते ओरडूनच बोलायचे, आणि आम्ही पोरं समजायचो की बाप चिडलाय.

बदलीबद्दल उद्या लिहितो, ते थोडक्यात सांगण्यासारखं नाही.

अक्कलकोट_रोड

वाचतेय. फोटो टाका ना, नावं झाकून.

तिसरी_पाळी

हां, तर बदली. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी जो घेतला जातो तो बदली. पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकाशी उभं राहायचं. जॉबर येणार, बोट दाखवणार. तू ये, तू ये, बाकीचे उद्या या. महिन्यात कधी वीस दिवस काम, कधी सहा. किती वर्षं असं? माझ्या चुलत्यांची आठ वर्षं गेली. लग्नाच्या बोलणीत मुलगा काय करतो हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न 'कायम आहे का बदली?'

आता जॉबरचे ४० कळतील. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादमच. माल किती निघतो यावर नजर, साचा बिघडला तर दुरुस्ती, आणि मुख्य म्हणजे माणूस घ्यायचा की नाही हे त्याच्या हातात. त्यासाठी दस्तुरी, म्हणजे लाच, घ्यायचे, ही गोष्ट सगळ्या कापड गिरण्यांच्या गावात उघड होती. कामगार त्याला सलाम करायचा, त्याच्या घरच्या लग्नात राबायचा, त्याच्याकडून व्याजाने पैसे घ्यायचा. स्वातंत्र्यानंतर बदलीवाल्यांच्या नोंदी ठेवायला लागले, कार्ड आलं, पाळी ठरली, तेव्हा कुठे त्याचा हात थोडा ढिला झाला.

जॉबर कसा ओळखायचा सांगू? पांढरा रुमाल बांधलेला, पायात कोल्हापुरी वहाण आणि उन्हाळ्यातही काखेत छत्री.

गिरणगाव_परळ

आमच्याकडेही हेच. खाती तीच, शब्दही बरेचसे तेच. फरक पगाराचा. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईत कमीत कमी मूळ पगार ३० रुपये ठरला, वर महागाई भत्ता. सोलापूरचा त्याहून कमी होता. शिवाय मुंबईचा माणूस गाव मागे ठेवून आलेला, खानावळीत जेवणारा, गाळ्यात दहाजणांत झोपणारा. सोलापुरात कुटुंबं होती. बाया बिड्या वळायच्या. त्यामुळे बदली माणसाचं घर तरी चालायचं.

पूर्वभाग

तिसरी_पाळी, तुम्ही मिलचं सांगितलंत, मी फाटकाबाहेरचं सांगतो. आम्ही पद्मशाली, तेलुगू विणकर. माझे ताता (आजोबा) निजामाच्या मुलखातून आले, पायी. सोलापूरच्या पूर्व भागात साखर पेठेपासून पुढे गल्लीगल्लीत हातमाग होते. कारखाना म्हणायचे, पण तो म्हणजे घराचा पुढचा सोपा. पाच-दहा माग लावलेले, मालकाचं कुटुंब मागच्या खोलीत. त्या मागांवर दुसऱ्याकडे कामाला असणारा विणकर म्हणजे आसामी.

आसामीला कामावर ठेवताना कारखानदार उचल द्यायचा. लग्नाला, बाळंतपणाला, गावी जायला. ती 'बाकी'. बाकी फिटल्याशिवाय दुसऱ्या कारखान्यात जाता येत नसे. दुसऱ्या मालकाने घेतलं तर तो आधी पहिल्याची बाकी भरणार, म्हणजे माणसाबरोबर कर्जही इकडून तिकडे जाणार. म्हणून तुमच्या आजोबांनी आसामीच्या पानावर आकडा टाकला नाही. त्याची पत त्याची नव्हतीच, ती कारखानदाराकडे गहाण होती.

आणि हे लक्षात घ्या की कारखानदारही आपलाच. तीच जात, तीच भाषा, तोच मार्कंडेय. नारळी पौर्णिमेला रथ निघायचा तेव्हा दोघे एकाच दोराला हात लावायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गादीवर, एक खड्ड्यात. (खड्डामाग असतो, पाय खाली सोडून बसायचं. तातांचे पाय पावसाळ्यात सुजायचे, खड्ड्याला ओल यायची.) मिलमध्ये लागलेला आमचा एखादा पोरगा पूर्व भागात सायकलवरून आला की आसामींची पोरं मागे पळायची. त्याला रविवारची सुट्टी होती, ठरलेली पाळी होती, आणि त्याच्या पगारातून कुणी बाकी कापत नव्हतं.

तुमच्या यादीतला वहिफणीवाला कोण वाटला तुम्हाला?

बाळीवेस

खरं सांगू? मी 'वही' वाचलं आणि मला वाटलं वह्या शिवणारा असेल. आजोबांच्या वह्या तोच शिवत असेल म्हणून त्याला उधार.

पूर्वभाग

नाही ताई. मागावर ताण्याचे धागे ज्यातून ओवतात ती वही, आणि पुढे ज्या कंगव्यासारख्या पट्टीतून काढतात ती फणी. नवा बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, चढवायचा तर हजारो धागे एकेक करून आधी वहीतून, मग फणीतून काढावे लागतात. एकाने मागून धागा द्यायचा, दुसऱ्याने आकड्याने ओढायचा. एक धागा चुकला तर कापडाला लांबच लांब रेघ पडते, ती नंतर काढता येत नाही. डोळे लवकर जातात. कारागीर म्हणून मान मोठा, पण काम बीम बदलेल तेव्हाच. त्याच्या पानावर आकडा किती आहे?

बाळीवेस

१५. पण खाली पेन्सिलीने 'वेळ लागतो, बुडवत नाही'.

निळीपहाट

तिसरी_पाळी काका, एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. मुद्दाम टाळलीत असं नाही म्हणत, पण ती यायलाच हवी.

रिंगवाल्याला १२ आणि साचेवाल्याला २० हा नुसता हाताच्या कसबाचा फरक नव्हता. जुन्या धोट्यात (आडवं सूत मागावर इकडून तिकडे नेणारी नळी) सुताची कांडी भरली की सुताचं टोक बारीक भोकातून बाहेर काढायला विणकर तोंड लावून श्वासाने ओढायचा. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार. म्हणून अस्पृश्यांना साचे खात्यात घ्यायचं नाही. मुंबईत १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला की कामगारांच्या मागण्यांत आमच्या माणसांना विणाई खातं खुलं करण्याची मागणी घाला. जास्त पगाराचं खातं आणि विटाळ असलेलं खातं एकच होतं.

माझे आजोबा सोलापुरातच एका मिलमध्ये रिंग खात्यात तीस वर्षं होते. मिलचं नाव लिहीत नाही. वेगळी पाण्याची घागर होती. साचे खात्यातून बोलावणं आलं तर दारापर्यंतच जायचे, निरोप सांगून परत. स्वातंत्र्य आलं, अस्पृश्यता पाळणं घटनेने गुन्हा ठरवलं, आणि खातं तेच राहिलं. आजोबा निवृत्त झाले तेही रिंगवरूनच. त्यांना विणता येत होतं. घरी मागच्या दारी त्यांनी हातमाग लावला होता, आमच्या सगळ्यांची अंथरुणं त्यांनी विणलेली होती.

ताई, रिंगवाल्यांच्या पानांवर कोण आहेत ते एकदा बघाल?

बाळीवेस

बघितलं. आईला नावांवरून बरंच कळतं, तिच्या लहानपणीची माणसं आहेत. रिंगवाल्यांची अकरा पानं. त्यांतली सात तुम्ही म्हणता तशी. साचेवाल्यांच्या सतरा पानांत एकही नाही. मोमीन आहेत, पद्मशाली आहेत, मराठा आहेत, लिंगायत आहेत.

आणखी एक. त्या सात पानांवरच्या गिऱ्हाइकांना माल दुकानाच्या बाजूच्या खिडकीतून दिला जायचा, असं आई म्हणाली. हे मला आजवर माहीत नव्हतं. ती खिडकी मी पाहिलीय, त्यात आम्ही कुंड्या ठेवायचो. आजोबा माझ्याशी फार मायेने वागले, पण हे त्यांच्याच दुकानातलं आहे, म्हणून लिहितेय.

निळीपहाट

लिहिलंत, बरं केलंत.

तिसरी_पाळी

बाई, तुमचं बरोबर आहे. मी रिंगमध्ये लागलो तेव्हा घागर एकच होती, पण जेवायला बसताना आपसूक गट पडायचे. मी कुठल्या गटात बसायचो ते मला आठवतं. लिहायला हवं होतं.

पार्क_चौक

माझे आजोबा म्हणजे या यादीतले 'हपीसवाले'. टाइमकीपरच्या हाताखाली कारकून. मॅट्रिक, पांढरं धोतर, काळा कोट, काळी टोपी. पगार एखाद्या चांगल्या साचेवाल्याच्या आसपास, हेडजॉबरपेक्षा नक्की कमी. तरी जॉबर आजोबांना 'रावसाहेब' म्हणायचा आणि आजोबा त्याला अरे-तुरे करायचे. आजीची तक्रार हीच असायची की हे कोटाला इस्त्री करतात आणि जॉबराची बायको पाटल्या करते. आमच्या घरात भोंग्याला उठायची पद्धत नव्हती, साडेनऊला जेवून जायचं. भोंगा आणि साडेनऊ यांच्या मधल्या त्या अडीच तासांत आमचा वर्ग होता, असं मला आता वाटतं.

हपीसवाल्यांना किती उधार होतं?

बाळीवेस

त्यांच्या पानावर आकडा नाही, 'महिना' एवढाच शब्द आहे. म्हणजे महिन्याचं एकदम घ्यायचं, पगाराला एकदम द्यायचं. आणि गंमत गुरुजींची आहे. नगरपालिकेच्या शाळेतले शिक्षक, कोपऱ्यात १० चा आकडा, म्हणजे रिंगवाल्यापेक्षाही कमी. पण त्यांची बाकी २८ पर्यंत गेलीय आणि आजोबांनी तगादा लावल्याची एकही खूण नाही. बाकी पानांवर 'मागितले' अशी तारखेसह नोंद असते. गुरुजींच्या पानावर फक्त 'श्री.'. इतर कुणालाही श्री. नाही, चाळीसवाल्या जॉबरलाही नाही.

मिलचे मास्तर, म्हणजे विणाई मास्तर वगैरे, वहीत नाहीतच. त्यांचा नोकर रोखीने माल न्यायचा.

शोलापूर_केस

वहीचा काळ पाहून राहवत नाही म्हणून लिहितोय. मी वकिली करतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना सोलापूर माहीत असतं ते चादरीमुळे नाही, जुन्या मिलमुळे.

जुनी मिल म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांनी काढलेली. २७ जुलै १९४९ ला व्यवस्थापनाने बंदची नोटीस लावली आणि २७ ऑगस्टला मिल बंद झाली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला, एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला. एकट्या एका कंपनीसाठी संसदेने केलेला कायदा. त्याच्या प्रस्तावनेत कारण दिलंय गैरव्यवस्थापनाचं, जीवनावश्यक मालाच्या उत्पादनाला बसलेल्या फटक्याचं आणि बेकारीचं.

चिरंजितलाल चौधरी हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले की हा समानतेच्या हक्काचा भंग आहे. डिसेंबर १९५० मध्ये ते हरले. पुढे द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात डिसेंबर १९५३ मध्ये त्याच न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला, कारण मोबदला न देता मालमत्ता काढून घेतली. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीत असा कारभार ताब्यात घ्यायची वाट मोकळी केली गेली, त्यामागे हाही निकाल होता.

दोन्ही निकालपत्रं मी अनेकदा वाचली आहेत. त्यांत भागधारकाचे हक्क पानोपानी आहेत. साचेवाला, रिंगवाला, बदली हे शब्द नाहीत. ते तुमच्या वहीत आहेत. ऑगस्ट १९४९ नंतरची पानं बघाल का?

सेटलमेंट_फ्री_कॉलनी

ती पानं येईपर्यंत आमच्याबद्दल दोन ओळी. आमचे लोक वहीत नसणार. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सेटलमेंटमध्ये, तारेच्या आत ठेवलेली कुटुंबं, पुरुष मिलमध्ये कामाला जायचे आणि पाळी संपली की हजेरीला परत. काम तेच, यंत्र तेच, पण बाहेरच्या दुकानात रेंगाळायला वेळ नाही आणि आम्हाला उधार देणार कोण? ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. त्या दिवसापासून आम्ही विमुक्त. मिलच्या रजिस्टरात माझ्या पणजोबांच्या हुद्द्यापुढे तरीही बरीच वर्षं 'सेटलमेंट' लिहिलेलं होतं, असं आजी सांगायची.

बाळीवेस

वहीत खरंच कुणी नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, ते घोळक्याने जायचे नि घोळक्याने यायचे, कधी थांबलेले पाहिले नाहीत.

ऑगस्ट १९४९. काल रात्री आई आणि मी बसलो. आमच्या दुकानाशेजारची मिल चालू होती, पण गिऱ्हाइकांत जुन्या मिलचेही बरेच होते. त्या पानांवर सप्टेंबरपासून कोपऱ्यातले आकडे खोडलेत. २० चे ८. ४० चे १०. बदलीचे ५ तसेच आहेत, ते खोडायचं कारणच नव्हतं. चालू मिलच्या बदलीवाल्यांचे मात्र ५ चे ३ झालेत. आधी कळेना, मग आई म्हणाली, फाटकाशी गर्दी वाढली असणार, जुन्या मिलचे कायम लोक इकडे बदलीला उभे राहिले असणार.

एका जॉबरचं पान सांगते. जुलैपर्यंतचा माल: चहापत्ती, साखर, गोडेतेल दोन शेर, खारीक, एकदा केशराची पुडी. सप्टेंबरपासून गूळ, मीठ, तंबाखू, रॉकेल. ऑक्टोबरमध्ये पाडव्याच्या दिवशी एक आण्याची हळद. तिथेच नावाआधीचा 'जॉबर' शब्द एका रेघेने खोडलाय. वर 'हमाल' लिहिलंय. शाई वेगळी, अक्षर तेच.

तिसरी_पाळी

त्या जॉबरने किती जणांना बोट दाखवून आत घेतलं असेल. पुढे?

बाळीवेस

१९५० च्या उन्हाळ्यात थोडे थोडे पैसे आलेत, कधी आठ आणे, कधी रुपया. 'हमाल' मग कुणी खोडलेलं नाही. शेवटी बाकी एकवीस रुपये सहा आणे, आणि खाली 'पुढील वहीत'. पुढची वही वाळवीने गेलेल्यांतली आहे. पानं एकमेकांना चिकटलीत, वाफेवर सुटतात का ते या रविवारी बघणार आहे. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा, मला ती फाडायची नाहीत.

पूर्वभाग

वाफ देऊ नका, शाई पसरेल. मी रविवारी सोलापुरातच आहे. व्यक्तिगत निरोप करा, आमच्याकडे जुन्या जकार्डच्या (नक्षीच्या मागाच्या) नक्ष्या सोडवलेला माणूस आहे, त्याला घेऊन येतो.